मुदत संपलेला अँटिव्हायरस, टॅलीचा कॉम्प्युटर आणि घरातले चार फोन

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला घर, दिंडोरीकडे द्राक्षबाग, थोडीफार निर्यातही होते. घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, त्यावर हिशेबाचं टॅली. मुलीचा विंडोज ११ चा लॅपटॉप. चार अँड्रॉइड फोन, त्यातले दोन आईवडिलांचे. अँटिव्हायरसची मुदत संपली आहे आणि कॉम्प्युटरवाला नूतनीकरणाचे पैसे मागतोय. फुकटात भागेल का? आणि खासगीपणासाठी व्हीपीएन (आपली इंटरनेटची रहदारी दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घ्यावा का?

फुकटात भागेल. फक्त क्रम बदलावा लागेल. तुमच्या प्रश्नात अँटिव्हायरस पहिला आहे. खरं तर तो बराच खाली येतो. सुरुवात ईमेलपासून करा. बँक, जीएसटी, आयकर, डिजिलॉकर, यांतल्या बहुतेक ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की उत्तर येतं ते तुमच्या ईमेलवर नाहीतर मोबाइल नंबरवर. म्हणजे जीमेल आणि सिमकार्ड या घराच्या दोन किल्ल्या आहेत. त्या उघड्यावर ठेवून कॉम्प्युटरला कितीही कुलपं लावली तरी उपयोग नाही.

गुगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी' पानावर जा आणि आधी 'युअर डिव्हाइसेस' बघा. विकलेला जुना फोन, कुठल्याशा झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर, मागच्या वर्षीच्या सीएच्या ऑफिसातला लॅपटॉप, असं काहीही दिसलं तर तिथून साइन आउट करा. मग रिकव्हरीचा फोन नंबर तपासा. रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमच्या ईमेलची किल्ली तेव्हा एका अनोळखी माणसाच्या खिशात असते आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. हाच नियम बँकेला आणि आधारला जोडलेल्या नंबरालाही लागू आहे.

त्यानंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणं, सुरू करा. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिम दुसऱ्याच्या ताब्यात गेलं की तोही जातो. अँड्रॉइडवर 'एजिस' नावाचं मोफत, ओपन सोर्स ॲप आहे. ते दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ अंकी कोड देतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही. दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, कोड फोनच्या घड्याळावरून बनतो. घड्याळ हातानं पुढेमागे केलेलं असेल तर बरोबर कोडही चुकीचा ठरतो. फोनची वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. दुसरं, फोन हरवला की कोडही हरवले. म्हणून गुगल जे १० बॅकअप कोड देतं ते कागदावर छापून सातबारा आणि पॉलिसीच्या फायलीत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. त्यांचा फोटो काढून फोनच्या गॅलरीत ठेवलात तर सगळी मेहनत वाया.

तुम्ही निर्यात करता म्हणून एक जास्तीचं काम. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन टॅब बघा. ईमेलमध्ये घुसलेला माणूस लगेच काही करत नाही. तो असा एक फिल्टर लावून ठेवतो की खरेदीदाराची मेल त्याच्याकडे जावी आणि तुमच्या इनबॉक्समध्ये दिसूच नये. मग रॉटरडॅमच्या खरेदीदाराला तुमच्या नावानं, एखादंच अक्षर इकडचं तिकडे केलेल्या पत्त्यावरून मेल जाते: आमची बँक बदलली, या कंटेनरचे पैसे नव्या खात्यावर टाका. बिल खरं, कंटेनर नंबर खरा, फक्त खातं खोटं. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खरेदीदाराशी हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका की खातं बदलल्याची कुठलीही मेल आली तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. त्याच मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

पासवर्डचं म्हणाल तर गोदावरी, स्वामी समर्थ किंवा मुलीचं नाव, पुढे ॲट द रेट आणि १२३, ही जातकुळी पूर्ण बंद करा. त्याहून घातक म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे. एखाद्या कपड्याच्या साइटवरून तो फुटला की चोर तोच पासवर्ड आपोआप शेकडो ठिकाणी लावून बघतो. 'हॅव आय बीन पॉन्ड' या मोफत साइटवर आपला ईमेल टाकला की तो कोणकोणत्या फुटलेल्या यादीत आहे ते दिसतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं ती २०१३ साली सुरू केली.

सगळे पासवर्ड वेगळे म्हणजे ते लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर. 'बिटवॉर्डन'च्या मोफत खात्यात पासवर्ड आणि उपकरणं दोन्हींना मर्यादा नाही. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चालतं. ज्यांना काहीच इंटरनेटवर ठेवायचं नाही त्यांच्यासाठी 'कीपास एक्ससी', पण त्याची फाइल सांभाळण्याची आणि तिची प्रत ठेवण्याची जबाबदारी पूर्ण तुमची. घरात चार माणसं आणि चार फोन असतील तर बिटवॉर्डन घ्या. त्याचा मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घेऊन बनवा, 'पाटा कंदील सरडा ओसरी ताक' असा काहीतरी, रोमन अक्षरांत लिहून. (हाच वापरू नका.) अभंगाची किंवा आरतीची ओळ नको, ती दुसऱ्यालाही पाठ असते. हा पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा तो परत देऊ शकत नाही, म्हणून एकदा कागदावर लिहा आणि तोही त्याच फायलीत.

आता कॉम्प्युटर. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवणं हा उपलब्ध पर्यायांतला सगळ्यात वाईट. दुसरा अँटिव्हायरस बसवला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. मग जुना अद्ययावत नाही आणि डिफेंडर पहाऱ्यावर नाही, अशी मधली अवस्था येऊ शकते. तो अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, कंपनीच्या साइटवर त्याचं वेगळं 'रिमूव्हल टूल' असेल तर तेही चालवा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' हिरवं आहे का बघा. घरच्या वापराला डिफेंडर पुरतो.

त्याच पानावर 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये तळाशी 'एक्सक्लूजन्स' आहे. ते नक्की उघडून बघा. फॉरमॅट मारताना कोणी क्रॅक केलेलं ऑफिस किंवा विंडोज ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्राम टाकला असेल, तर त्यानं बऱ्याचदा तिथे एखादा फोल्डर, कधीकधी अख्खा सी ड्राइव्ह, 'इथे तपासू नकोस' म्हणून नोंदवलेला असतो. वरून सगळं हिरवं दिसतं आणि आत आख्खं घर मोकळं असतं. ती नोंद काढा, क्रॅक काढा, आणि 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. क्रॅकसोबत हल्ली येतात ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन चोरणारे प्रोग्राम. चालू लॉगिनच चोरलं तर ओटीपी विचारलाच जात नाही. म्हणून अशा कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही चोराकडे जाईल. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला आणि 'सगळीकडून साइन आउट' करा. ऑफिसच्या जागी 'लिबरऑफिस' मोफत आहे आणि युनिकोड मराठीला त्यात अडचण येत नाही.

कॉम्प्युटरवाल्यानं दुरुस्तीसाठी टाकलेलं एनीडेस्क किंवा तत्सम, लांबून कॉम्प्युटर चालवायचं रिमोट ॲप राहिलं असेल तर काढा. त्याचा हेतू वाईट असेल असं नाही, पण त्यात बऱ्याचदा कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला असतो आणि तो किती गिऱ्हाइकांना एकच लावलाय हे त्यालाच माहीत. पुढच्या वेळी गरज लागली की टाकायचं, काम झालं की काढायचं.

रोजच्या कामासाठी 'स्टँडर्ड' खातं करा आणि ॲडमिन खातं वेगळं ठेवा. यात खर्च शून्य आणि फायदा मोठा: एखादी फाइल चुकून उघडली तरी सिस्टिममध्ये खोल रुजण्याआधी ती ॲडमिनचा पासवर्ड मागते. काही जुने प्रिंटर आणि डिजिटल सिग्नेचरचे टोकन सुरुवातीला एकदा ॲडमिनमधून बसवावे लागतात, एवढीच कटकट.

विंडोज १० चा मुद्दा स्वतंत्र आहे. त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी जास्तीच्या सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज २२एच२ आवृत्ती लागते, 'विंडोज अपडेट'च्या पानावर 'एनरोल'चा पर्याय दिसतो, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्यास पैसे लागत नाहीत. ही मुदत म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. तुमच्या डेस्कटॉपमध्ये नसेल तर जुगाड करून विंडोज ११ घुसवू नका. त्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी 'लिनक्स मिंट' मोफत टाकता येतं, ४ जीबी रॅमवर बरं चालतं, पण टॅली त्यावर थेट चालत नाही. म्हणून टॅली लॅपटॉपवर नेणं आणि डेस्कटॉप मिंटवर ब्राउझिंगसाठी ठेवणं, ही मला सगळ्यात कमी खर्चाची वाटणी वाटते.

मात्र लॅपटॉपवर आधी एक गोष्ट बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते. चांगलंच आहे, नाशिकरोड स्टेशनवर लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं वाचता येत नाही. पण बायोसचं (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट किंवा दुरुस्ती झाली की तो कधीकधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं दुकानदारानं स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल तर डेटा गेलाच म्हणून समजा. आजच की बघा आणि कागदावर उतरवा.

टॅलीचा बॅकअप हा विषय टाळू नका. टॅलीप्राइममध्ये 'ऑल्ट' आणि 'वाय' दाबून 'बॅकअप' घेता येतो. चालू कंपनीचं फोल्डर नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर अर्धवट लिहिलेल्या फायली येऊ शकतात. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क ठेवा, एक घरी, एक बागेवरच्या खोलीत किंवा भावाकडे, आणि दर आठवड्याला अदलाबदल. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम, सी ड्राइव्हसोबत तितक्याच आवडीनं लॉक करतो. पेनड्राइव्ह हा बॅकअप नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या फोल्डरमध्ये 'रिस्टोअर' करून कंपनी उघडते का बघा. ज्या दिवशी गरज पडते तो दिवस हे तपासायचा नसतो. टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा) पासवर्ड लावला असेल तर तोही कागदावर, कारण विसरला तर टॅलीकडेही उपाय नाही. 'विंडोज सिक्युरिटी'तलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' सुरू करून टॅलीचं डेटा फोल्डर त्यात टाकलं तर अनोळखी प्रोग्रामला तिथे लिहिता येत नाही. ते सुरू केल्यावर टॅलीच 'सेव्ह होत नाही' म्हणायला लागलं तर घाबरू नका, परवानगीच्या यादीत टॅली टाकावं लागतं.

फोनकडे येऊ. आईवडिलांचे फोन हा तुमच्या घरातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी' अशा नावानं एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, येते, बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. पत्रिका 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. हे एकच वाक्य वडिलांच्या लक्षात राहिलं तरी पुरे. शिवाय सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांना 'नॉट अलाउड' करा. फोनच्या कंपनीप्रमाणे हे पान वेगवेगळ्या जागी असतं, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'अननोन' टाइप करा.

तरीही कोणी टाकलंच, तर ते ॲप एसएमएस वाचायची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची (स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीनं बटणं दाबायची) परवानगी मागतं आणि ओटीपी गुपचूप पुढे पाठवतं. लगेच एअरप्लेन मोड, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, यूपीआय थांबवा. मग सेफ मोडमध्ये (यात फोनची मूळ ॲपच चालतात) जाऊन, 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याचं नाव काढून ॲप उडवा. ते ॲप स्वतःचं चिन्ह लपवतं, म्हणून आयकॉन दिसत नाही यावर विश्वास ठेवू नका. खात्री नसेल तर फोटो काढून घ्या आणि फॅक्टरी रीसेट.

व्हॉट्सॲपमध्ये ६ अंकी टू-स्टेप पिन लावा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' महिन्यातून एकदा बघा. कॉलेज रोड असो की नाशिकरोडचं बसस्टँड, झेरॉक्सच्या दुकानात आपण काय करतो? त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतो, आधार छापतो आणि लॉगआउट न करता निघतो. नाहीतर त्याच्या नंबरवर आधार, पॅन, पासबुक पाठवतो, ते त्याच्या फोनवर वर्षभर पडून राहतं. जिथे चालतं तिथे आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेलं मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे ४ अंक दिसतात. पेनड्राइव्ह दिला आणि परत आल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यावर क्लिक करू नका. मूळ फायली बहुतेक तिथेच लपवलेल्या असतात: फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' दाखवा, तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधली 'प्रोटेक्टेड' फायली लपवण्याची खूण काढा, फायली कॉपी करा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

वडिलांचं आधार बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, यूआयडीएआयच्या साइटवरून होतं. खरेदीखतांवरच्या अंगठ्यांच्या ठशांवरून आधारद्वारे पैसे काढल्याचे गुन्हे काही राज्यांत घडलेत, आणि तिथे ओटीपी लागत नाही. अडचण एकच: लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागणार नाही. जाण्याआधी तात्पुरतं उघडायचं.

आपल्या नावावर कोणी सिम काढलेत का हे सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. आपल्या नावावरचे सगळे नंबर येतात, अनोळखी नंबर तिथूनच कळवता येतो, आणि हरवलेला फोनही तिथूनच ब्लॉक होतो. शहरात असताना तुमच्या एकट्याच्याच फोनचं नेटवर्क तासभर गेलं आणि शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं चालू असेल, तर डुप्लिकेट सिमची शंका घ्या आणि लगेच कंपनीला, बँकेला फोन करा.

बँकेच्या बाबतीत दोन खुणा अलीकडे उपयोगी झाल्या आहेत. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तो आहे का हे बघा, सुरुवात नव्हे. आणि सेवा-व्यवहाराच्या अधिकृत फोनसाठी १६०० नं सुरू होणारी मालिका आहे. १० अंकी साध्या मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याचा फोन नम्रपणे ठेवून द्या. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर 'अटक' करणं, अशी गोष्ट कायद्यात नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी पाहुण्यांच्या खोल्या शोधताना सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात उघडू नका. प्रयागराजच्या कुंभातही खोट्या बुकिंग साइट निघाल्या होत्या.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ, बँक हे हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत जातात. मधल्या खात्यात असतानाच ते गोठवता येतात. म्हणून आधी १९३०, घरच्यांशी चर्चा नंतर.

राहिला व्हीपीएन. घेऊ नका. मोफत व्हीपीएन चालवणारा तुमची रहदारी बघतो, म्हणजे फक्त बघणारा बदलतो. बँकेच्या साइट तशाही एनक्रिप्टेड असतात. त्याऐवजी फायरफॉक्स आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. क्रोमवर त्याची पूर्ण आवृत्ती आता चालत नाही, फक्त 'लाइट' मिळते. फसव्या जाहिराती दिसल्याच नाहीत तर त्यावर बोटही पडत नाही, आईच्या फोनसाठी हा सगळ्यात स्वस्त पहारेकरी. अँड्रॉइड ९ पासून पुढे 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटचा पत्ता कोणाकडून शोधायचा ते आपण ठरवायचं) ही सोय आहे. तिथे क्वाड९ या मोफत सेवेचा पत्ता, 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट', रोमन अक्षरांत टाकला की माहीत असलेल्या घातक साइट उघडतच नाहीत. हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान मात्र कधीकधी त्यामुळे अडतं; तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा आणि लॉगिन झालं की पत्ता परत टाका.